मावजूनाचा पेला

आईस साओदतचा सलाम. तुझ्या गुडघ्यांना आराम पडो.

तू सांगितलंस ते मी इथे रशियातही रोज करते. उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, मग गच्चीवर अर्धा तास ऊन. गाल आपल्या गावच्या, इस्फराच्या जर्दाळूंसारखे झालेत. शिवणकारखान्यात मुकादम झाल्याचा हा फायदा.

धाकटी मावजूना माझ्याच हाताखाली, तळघरात शिवते. तिथे खिडकी नाही. चहा मीच ओतते, प्रत्येकीला अर्धा पेला. जास्त प्यायल्या की सारख्या संडासाकडे पळतात आणि शर्ट तसेच राहतात.

"ताई, अजून घोटभर दे ना," ती म्हणायची.

"अगं, अर्धा पेला म्हणजे मान. काठोकाठ भरून देतात तो नकोशा पाहुण्याला, उठ आता म्हणून. तसा हवाय का तुला?"

सगळ्या हसायच्या. तीही हसायची.

मग कंबर धरून बसायला लागली. लघवीतून रक्त जातं म्हणे. तिची नाटकं तुला ठाऊकच आहेत. परवा मशीनवरच कोसळली.

अंगणातली खाट अजून उन्हातच असते ना? तिच्यावरचे जर्दाळू काढून ठेव.

काल मी मावजूनापुढे पेला ठेवला, काठोकाठ भरलेला. ती बघत राहिली. मग एका दमात प्यायली आणि पिशवी भरायला लागली.

शुक्रवारच्या बसने पोचेल. तिला उन्हात बसव, भरपूर पाणी पाज. मला तर तुझ्या उपायांचा फारच गुण आला.

तुझीच,
साओदत