भाऊबीजेचं ताट

टेमघर, भिवंडी
२० नोव्हेंबर १९८८

ती. भाऊस सरलाचा नमस्कार.

आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. वहिनीला आणि मुलांना विचारलंय म्हणून सांग. थंडी पडायला लागलीय.

तुझी ओवाळणी मिळाली. भाऊबीजेला मी पाट मांडून, निरांजन लावून बसले होते. तुझं शेलार गाव इथून काय लांब आहे? पण तू आला नाहीस, तुझा मुकादम जब्बार पिशवी घेऊन आला. आत स्टीलचं ताट, वाटी, पेला. तिन्हींवर मशीनने नाव घातलेलं, 'तुळशीराम'. बहिणीच्या ओवाळणीवर मेहुण्याचं नाव! वर निरोप, "त्याला यातच वाढ, दुसऱ्या कुणी यात खाऊ नये, स्वच्छता पाळा." ती पिशवी माझ्या हातात देताना जब्बारला लाज वाटली. तुला नाही वाटली?

अरे, ह्यांना टीबी निघाल्यापासून मी ताट वेगळंच ठेवलंय. राखेने घासते, उकळत्या पाण्यातून काढते, हाताची सालं निघाली माझ्या. आणि झोपायला? तुझ्या कारखान्यामागची ती एकच खोली. आम्ही तिघं आणि तुझे कारीगर, एकाच्या उशाशी दुसऱ्याचे पाय. दिवसपाळीचे उठले की रातपाळीचे त्याच चटयांवर. हे खोकतात ते सगळ्यांच्या नाकातोंडात जातं. त्या हवेवर कुणाचं नाव घालशील रे?

एक खिडकी होती. ती तू फळ्या ठोकून बंद केलीस. का, तर मधल्या पत्र्याच्या भिंतीवरून वारा लूमवर जातो, धागा तुटतो, कापडात खोट येते. मी बोलले तर म्हणालास, "सरले, कारखाना चालला तर तुमचं पोट चालेल." ह्यांनी लग्नाआधीपासून तुझे तुटलेले धागे जोडले. आता नळावरून कळशी आणायचं बळ नाही त्यांच्या अंगात.

वर ठीक आहोत लिहिलं ते खोटं आहे. गोदूला बरेच दिवस संध्याकाळचा ताप येतोय. मी म्हटलं थंडीचा असेल, दिवाळीच्या फराळाचा असेल. काल दवाखान्यात तिचा छातीचा फोटो बघितला. डॉक्टरबाईंनी ताटाची चौकशीसुद्धा केली नाही. विचारलं, "घराला खिडकी आहे का?" तुझी अब्रू झाकली मी तिथे! म्हटलं, आहे. तर त्या म्हणाल्या, "मग उघडी ठेवत जा ना बाई! हा रोग ताटातून नाही, खोकल्यातून, हवेतून लागतो." तुझ्या भाचीला टीबी आहे, भाऊ. बापाच्या ताटातला एक घास तिने खाल्ला नव्हता.

आज सकाळी हातोडी घेतली आणि फळ्या उपटून काढल्या. कारीगरच मदतीला आले. आता वारा येतोय, आणि तिकडे तुझे लूम सारखे थांबतायत. जब्बार गाठी मारून मारून वैतागलाय. तुटू देत धागे. फळ्या परत ठोकायच्या असतील तर तू स्वतः ये, आणि गोदूला समोर बसवून ठोक. खोली सोडा म्हणालास तरी मी हलणार नाही.

ताट जब्बारबरोबर परत पाठवतेय. फळ्या मात्र मिळणार नाहीत. त्या चुलीत घातल्या, आणि त्यावर गोदूला पेज करून दिली.

इतके दिवस तुझी बहीण होते. आता
गोदूची आई,
सरला