पायाशी उभं राहून इंग्रजी

सोम., ८ सप्टें.
कुंडल गाव सोडून सांगलीच्या दवाखान्यात पडलीय. साखरेनं डाव्या पायाचा अंगठा काळा पडला. नात पल्लवी हितंच नर्स. ड्युटी सुटली की खाटेवर बसून मी बोलीन ते लिहिती. लिही गं, उप्पीट आज खळीसारखं हुतं.

मंगळ., ९
डॉक्टर आला. कऱ्हाडचा पोरगा, आपल्यातलाच. "आजी, जेवलात का? झोप लागली का?" हितवर मराठी. पट्टी सोडली की इंग्रजी सुरू. पल्लवी बी तसलीच. घरात मला आज्जे म्हणती, आन् तिथं पायाशी उभी राहून 'पेशंट, पेशंट'. शिसारी आली. अंगठ्याच्या वासाची न्हाई.
लिही तसंच. खाडाखोड करू नको.

गुरु., ११
शेजारच्या खाटेवर जतची बाई. ती कानडी, आमचं हातवाऱ्यांवर भागतं. काल तिच्या पायाशी डॉक्टर नि नर्सा लय येळ इंग्रजी बोलल्या. तिच्याकडं बघून हसल्या. ती बी हसली बिचारी. आज तिला नेलं. परत आणली तवा चादर गुडघ्याखाली सपाट. जाग आल्यावर हातानं चाचपत हुती, चाचपत हुती...
थू असल्या हसण्यावर.

शुक्र., १२
आज माझ्या पायाशी लय येळ इंग्रजी. पल्लवी मान खाली घालून.
"काय म्हणला गं?"
"काय न्हाई आज्जे, औषध बदलायचंय."
औषध बदलायला डोळं लाल हुत्यात व्हय? म्हशीची धार काढायला मला उकिडवं बसाय लागतं. ते कुणी इचारलं न्हाई.

शनि., १३
सकाळी डॉक्टर आला. मी गोधडी पायाखाली दाबून धरली. म्हणलं, "आवं डॉक्टर, पाय माझा हाय. मराठीत बोलाल तर दाखवीन." नर्सा खुदुखुदु हसाय लागल्या. त्यानं घड्याळ बघितलं. "संध्याकाळी निवांत बोलू, आजी." आन् जाता जाता पल्लवीच्या कानात परत इंग्रजी. लाज कशी वाटत न्हाई!
संध्याकाळ झाली. आला न्हाई.
आता पल्लवी वही घिऊन बसलीय. म्हणती, "आज्जे, काय लिहू?"
काय बी लिहू नको. डोळं पूस आधी. नुसता अंगठा का आख्खा पाय, एवढंच सांग. नर्स म्हणून सांग न्हाईतर नात म्हणून सांग, पर मराठीत सांग.
ठेव पेन खाली.