चोवीस शब्दांची किल्ली

ता. ९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन असताना या खिळ्याला कागद का सुचला, असं तुला वाटेल. खिळा हे नाव तूच ठेवलंस, तेव्हा डोकं खाल्लं तर तक्रार करू नकोस. विषय किल्लीचा आहे, आणि किल्लीबद्दल फोनवर बोलायचं नाही ही आपल्या अण्णांची शिकवण. एखादं गिऱ्हाईक फोनवर तिजोरीचा नंबर सांगायला लागलं की ते सरळ फोन ठेवून द्यायचे, आठवतं ना?

गेली सहा वर्षं मी बोटीवरच्या पगारातून थोडं थोडं क्रिप्टो घेतोय. तू त्याला हवेतले पैसे म्हणतेस. त्या हवेतून आता माझ्या ठमीच्या दोन्ही कानांचं ऑपरेशन होईल एवढं जमलं आहे. ती पाच वर्षांची व्हायच्या आत, म्हणजे या ऑक्टोबरच्या आत, कानात यंत्र बसलं पाहिजे असं डॉक्टर म्हणतात. त्यानंतर बसवलं तर आवाज कळेल, पण बोलणं यायचं नाही. सप्टेंबरात सुट्टीवर आलो की बँकेत समोर बसून, सह्या करून मी सगळं विकणार. इथून ते होत नाही.

तोवर ठेवायचं कुठे, हा घोर आहे. ज्या कंपनीकडून घेतलं तिच्याकडेच आजवर पडून होतं. आमच्या आचाऱ्याचंही असंच एका कंपनीकडे होतं. गेल्या महिन्यात तिने दार लावून घेतलं, आता कोणी उत्तरही देत नाही. तेव्हापासून तो बिचारा भांडी आपटतो. माझ्यापुढे दोन रस्ते आहेत. फोनमधलं वॉलेट, नाहीतर अंगठ्याएवढं एक वेगळं यंत्र मिळतं ते. अण्णांचं कुलपांचं दुकान आता तू चालवतेस. काय घेऊ ते सांग.

रागावलीस तरी चालेल, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
खिळा

ता. २८ जानेवारी

चि. खिळ्यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीचे पाय आहेत.

किल्ली कंपनीच्या खिशात असेल तर ते कुलूप तुझं नाही, हे सांगायला अण्णा कशाला हवेत? सहा वर्षं झोपला होतास का? फोनचं नावही काढू नकोस. दिवसातून शंभर वेळा, तेलकट हातांनी, चारचौघांत उघडतोस ती तिजोरी नव्हे. मी एका कॉम्प्युटरवाल्या गिऱ्हाइकाला किल्ली होईपर्यंत बाकावर बसवून सगळं विचारून घेतलं. तो म्हणाला, वेगळं यंत्रच घ्यावं. नवं यंत्र पहिल्यांदा उघडलं की ते आपले चोवीस इंग्रजी शब्द दाखवतं. ते शब्द, त्याच क्रमाने, म्हणजे खरी किल्ली. मग यंत्राचं कौतुक नंतर कर, शब्द कुठे ठेवणार ते आधी बोल. कागद भिजतो, जळतो, उंदीर खातात.

तुझी बायको आणि ठमी आठवडाभर इथे होत्या. ठमी किल्ली कापायच्या मशीनवर तळहात ठेवून बसते आणि पातं फिरायला लागलं की खदाखदा हसते. भिंतीवरचं कुलूप काढून हवं असलं की माझ्यासमोर येऊन हवेत किल्ली फिरवल्यासारखी बोटं फिरवते. एका दिवसात चौदा कुलपं उघडून झाली. अण्णा असते तर त्यांनी तिला कामावर ठेवून घेतलं असतं.

जपून राहा. माझा जीव तुझ्यात आहे, हे सारखं लिहायला लावू नकोस.

तुझी,
ताई

ता. ६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

यंत्र घेतलं. कंपनीकडचं सगळं त्यात आलं. तीन रात्री धड झोप नव्हती, काल लागली.

सोबतच्या कागदावर शब्द आहेत, पण फक्त विषम क्रमांकाचे. सम क्रमांकाचे आठवड्याने दुसऱ्या पाकिटातून, दुसऱ्या बंदरातून येतील. एक पाकीट कोणी फोडलं तरी त्याच्या हाती अर्धीच किल्ली लागेल. दोन्ही मिळाले की तू ते स्टीलच्या पट्टीवर ठोक आणि कागद जाळून टाक. पट्टी कुठे ठेवलीस ते मलाही लिहू नकोस. माझी एक प्रत सध्या बुटाच्या तळव्याखाली आहे.

बायकोला यातलं काही बोलू नकोस. तिला आधीच ठमीच्या दवाखान्याचे हेलपाटे, त्यात औषधांच्या दुकानातली नोकरी. शिवाय घर भाड्याचं आहे, दुसरी किल्ली मालकाकडे असते. खरं सांगू का, यंत्र, फोन, कंपनी सगळं पाहून झाल्यावर मला कळलं की सगळ्यात भक्कम जागा तू आहेस. हे वाचून शेफारू नकोस.

तुझ्या मायेवर चाललेला,
खिळा

ता. २ एप्रिल

चि. खिळ्यास अनेक आशीर्वाद.

दोन्ही पाकिटं मिळाली. दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि अण्णांच्या अक्षरठशांनी चोवीसच्या चोवीस शब्द पट्टीवर ठोकले. हात दुखतोय. नियमाप्रमाणे ठोकताना शब्द मनात वाचले नाहीत, एकेक अक्षर तेवढं पाहिलं. गिऱ्हाइकाची किल्ली डोक्यात ठेवायची नाही, मग ते गिऱ्हाईक सख्खा भाऊ असला तरी. कागद जाळले.

आता तुझ्या बुटातल्या कागदाचं. बोटीवर किल्ली ठेवू नकोस. यंत्र तुझ्याजवळ, पट्टी माझ्याजवळ, एवढं पुरे. तिसरी किल्ली झाली की ती चोराची, असं अण्णा म्हणायचे. जाळ तो कागद आणि मला कळव.

दुकानाला रंग दिला. अण्णांनी हाताने लिहिलेली पाटी तेवढी तशीच ठेवली आहे. ‘कुलूप बदलले की जुनी किल्ली त्याच दिवशी कापून टाकावी, गिऱ्हाईक नको म्हणाले तरी.’ पाटी पाहिली की अजून पाठ ताठ होते.

माया आहेच, ती मोजून मागू नकोस.

तुझी,
ताई

ता. २१ मे

ती. ताईस,
सा. न.

बंदरात दोनच तास आहोत म्हणून कार्ड. यंत्राचं बटण तेलाने अडकून बसलं होतं. ते हातोडीने फोडून समुद्रात टाकलं आणि नवं घेतलं. सगळं जागेवर आहे, डोळ्यांनी पाहिलं. कागदाचं तुझं ऐकलं. उघड्या कार्डावर याहून जास्त लिहीत नाही. इथून पुढे ऑगस्टपर्यंत फोन लागणार नाही. ठमीला पापा दे.

तुझा,
खिळा

ता. २ जून

चि. खिळ्यास अनेक आशीर्वाद.

कार्ड मिळालं. एकदाचा शहाणा झालास. यंत्र बदललंस म्हणजे कुलूप बदललं, तेव्हा जुनी पट्टी मी आजच्या आज कापली. करवतीने सहा तुकडे केले, त्यांच्यावरची अक्षरं कानशीने घासली आणि भंगारवाल्याच्या पोत्यात टाकले. स्टील चांगलं होतं, तास गेला. पाटीखाली उभी राहूनच कापली. अण्णा वरून बघत असतील तर खूश झाले असतील.

आता नव्या यंत्राचे शब्द पूर्वीसारखेच दोन पाकिटांतून पाठव. नवी पट्टी कापून, कडा घासून तयार ठेवली आहे. उशीर करू नकोस, तोवर मला चैन पडणार नाही.

हे पत्र तुमच्या कंपनीच्या बंदरावरच्या ऑफिसात टाकते आहे, मिळेल तेव्हा मिळेल. ठमीला मापाचे बूट घेतले.

अशीच आठवण ठेव.

तुझी,
ताई

ता. २४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तेल भरायला आलेल्या बोटीतल्या एका माणसाच्या हाती हे पत्र देतोय. तुझं पत्र मध्यंतरी आलेलं नाही, ऑफिसात पडलं असेल.

आधी हे वाच, की मी बरा आहे. इंजिनाजवळचा एक पाइप फुटला आणि डाव्या हाताला कोपरापर्यंत भाजलं. बोटं शाबूत आहेत. मी बेशुद्ध होतो तेव्हा बाकीच्यांनी माझे तेलाने भिजलेले कपडे कापून काढले आणि बुटांसकट बोटीच्या भट्टीत टाकले. त्यांची चूक नाही, तसंच करतात. यंत्र त्याच कपड्यांच्या खिशात होतं.

शुद्धीवर आलो तेव्हा पहिला अर्धा तास मी जे बोललो ते आचारी अजून मला ऐकवतो. मग तू आठवलीस आणि शांत झालो. नव्या यंत्रात मी तेच आपले चोवीस शब्द भरले होते, म्हणजे पट्टी आहे तोवर काही गेलेलं नाही. भरून झाल्यावर बुटातला कागद तू म्हणालीस तसा जाळून टाकला. किती बरं झालं, नाहीतर तोही भट्टीत गेला असता आणि मी त्याच्यावर विसंबून राहिलो असतो.

ऑगस्टात बंदराला लागतो. तोवर दोन पाकिटं ऑफिसात पाठवून ठेव. ठमीच्या डॉक्टरांना सप्टेंबरअखेरची तारीख द्यायला आधीच सांगितलं आहे.

हात दुखतो तेव्हा तुझी पट्टी आठवतो. असाच पाठीशी राहा.

तुझा,
खिळा

ता. ११ जुलै

चि. खिळ्यास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवसांपूर्वी आलं. त्याच्या आधीचं माझं पत्र तुला मिळेल तेव्हा कळेल, की मी पट्टी कापली. २ जूनला, तुझं कार्ड आलं त्याच दिवशी. मला वाटलं नव्या यंत्राचे शब्द नवे. त्या गिऱ्हाइकाने सांगितलं होतं, नवं यंत्र आपले शब्द दाखवतं. जुनेच शब्द नव्यात भरता येतात, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला सगळं कळतं या तोऱ्यात होते.

भंगारवाल्याकडे गेले. माल तिसऱ्या दिवशीच भट्टीला गेला होता. तरी त्याच्या आवारात दोन दिवस बसून पोती उपसली. एक तुकडा सापडला. कानस लागली नव्हती त्या कडेला एक शब्द वाचता येतो, ‘लॅडर’. ठोकताना वाचायचं नाही म्हणून वाचलं नव्हतं, तरी अजून पाच शब्द आठवतात, पण ते कितवे ते आठवत नाही. त्या गिऱ्हाइकाला बोलावून विचारलं. सहा शब्दांवर काही होणार नाही म्हणाला. मान खाली घालून बसला होता बिचारा.

मशीन आणि दुकान विकायला काढते. त्यातून एका कानापुरतेही पैसे होणार नाहीत, हिशेब करून पाहिला. फोन लावला, लागला नाही. लागला असता तरी हे तोंडाने सांगता आलं नसतं.

तू मला भक्कम जागा म्हणालास. चोराने नेलं असतं तर मी त्याला शिव्या दिल्या असत्या. मी माझ्या हाताने केलं, आणि करताना अभिमान वाटत होता. तो अभिमान राहून राहून आठवतो आणि स्वतःची किळस येते.

मी काय मागू तुझ्याकडे?

ताई

ता. २९ सप्टेंबर

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

पत्र ह्यांनी लिहायला हवं होतं. दोनदा घेऊन बसले, ‘ती. ताईस’च्या पुढे गेले नाहीत. म्हणून मी लिहिते.

तुमची दोन्ही पत्रं ह्यांना ऑफिसात एकदमच मिळाली, रबर लावलेली. घरी आले आणि तुमची सगळी पत्रं माझ्यापुढे ठेवली. मला सगळं तेव्हा कळलं, क्रिप्टो, यंत्र, पट्टी, सगळं. दोन महिन्यांची सुट्टी होती, नऊ दिवस राहिले. हात पुरता बरा नसताना दोन वर्षांचा करार करून दुसऱ्या बोटीवर गेले. डॉक्टरांची तारीख मी स्वतः जाऊन रद्द केली. दोन वर्षांनी पैसे जमवून येऊ म्हटलं, तर या म्हणाले, पण तेव्हा फारसा उपयोग होणार नाही, हेही सांगितलं. मी आभार मानून बाहेर आले आणि जिन्यात बसले.

तुमच्यावर राग नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. राग आहे, तुमच्यावरही आणि ह्यांच्यावरही. जानेवारीपासून तुम्ही दोघं सुरक्षित जागा शोधत होतात. कंपनी, फोन, यंत्र, स्टील, बूट. मी रोज काउंटरमागे उभी राहून साडेतीनशे औषधांची नावं, ताकद आणि खण चिठ्ठी न बघता सांगते. चोवीस शब्द मला एकदा वाचून दाखवले असते तर आजही झोपेतून उठवून विचारता आले असते. मला घोर लागू नये म्हणून सांगितलं नाही म्हणे. आता तो घोर जन्माचा झाला.

दुकान विकू नका. त्याने काही भरून येणार नाही, आणि तुम्ही हात रिकामे घेऊन बसलात तर ह्यांना तेही बघवणार नाही. शक्य असेल तर दर महिन्याला चार दिवस इथे या. ठमीला आणि मला हातांची भाषा शिकवायला एक बाई येतात. घरातल्या सगळ्यांनी शिकायला हवी म्हणतात, आणि घरात आम्ही दोघीच आहोत.

त्या बाईंनी पहिल्या दिवशी प्रत्येक माणसाची एक खूण ठरवायला सांगितली, नावाच्या जागी. ठमीने माझी खूण केली कपाळावर, टिकलीच्या जागी. बाबांची, कोपरापर्यंत हात झाकून. मग तुमचा फोटो दाखवला, तेव्हा तिने क्षणभरही विचार न करता हवेत किल्ली फिरवली. मी ती बदलायला लावली, दुसरी शिकवून पाहिली, तुमच्या चष्म्याची. ती ऐकत नाही. रोज संध्याकाळी दाराशी जाते, तीच खूण करते आणि माझ्याकडे बघते, आत्या कधी येणार म्हणून.

लोभाचं मला आज लिहवत नाही. तिचा आहे, तेवढा कळवला.

ठमीची आई