संत सिल्वेस्टर माजी विद्यार्थी संघाच्या एकोणतीस दिवंगत सभासदांच्या हजेरीबाबत

प्रति,
मा. उपनिबंधक,
संस्था नोंदणी कार्यालय, बेंगळूर.

विषय : संघाची नोंदणी रद्द करण्यास परीक्षा होईपर्यंत मुदत मिळणेबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. २९ जानेवारी १९९६.

महोदय,

आपण निपाणीकडचे. "आधी मराठीत लिहून आणा, कन्नड प्रत इथे करून घेऊ," असे आपण म्हणालात, म्हणून हा अर्ज मराठीत देत आहे. मी संत सिल्वेस्टर मुलांच्या शाळेचा १९३९ सालचा विद्यार्थी, नंतर तेहतीस वर्षे तिथेच गणिताचा शिक्षक आणि आज संघाचा चिटणीस आहे. नोटिशीप्रमाणे मी चिटणीस नाही. त्याचा खुलासा पुढे येईल.

गेल्या वर्षीच्या सभेला अडतीस सभासद हजर होते असे आमच्या इतिवृत्तात आहे. त्यांपैकी एकोणतीस जण वारलेले आहेत, हे आपल्या कार्यालयाने शोधले. ते खरे आहे. आपले कारकून श्री. सुधींद्र मला म्हणाले, "मेष्ट्रे, तुम्ही शिकवणारे, मेलेला माणूस मीटिंगला कसा येतो, स्वल्प समजावून सांगा." मी समजावले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे. आता हेच कायद्यात बसवून दाखवा."

संघ १९४६ साली शाळेच्या सायकल शेडमध्ये स्थापन झाला. पहिल्या सभेला मुख्याध्यापक फादर इनास वर्गातला जुना हजेरीपट घेऊन आले आणि बाकांच्या क्रमाने नावे पुकारली. मोठी झालेली मुले हसत हसत "हजर, फादर" म्हणाली. तेव्हापासून सभा अशीच सुरू होते. १९५२ साली आमचा ऑगस्टीन मेनेझिस यशवंतपूरच्या कारखान्यात अपघाताने गेला. त्या वर्षीही फादरांनी सवयीने त्याचे नाव घेतले. मग त्याच्या बाकावर बसणारा दयानंद म्हणाला, "हजर, फादर." फादरांनी मान वर न करता हजेरीपटावर खूण केली. पुढे जो जाई, त्याच्या वतीने बाकावरचा सोबती हजेरी देई. दयानंद गेल्यावर दोघांची हजेरी त्याच बाकावरचा मी देऊ लागलो. यात फसवणूक आहे असे चव्वेचाळीस वर्षांत कोणाच्या मनातही आले नाही. इतिवृत्त लिहिणारा हजेरीपट पाहून आकडा लिही. तो आकडा माझ्याच अक्षरात आहे.

आता अडचण अशी. गणपूर्तीला तेरा सभासद लागतात आणि हयात नऊ आहेत. म्हणून गेल्या कित्येक वर्षांच्या सभा अवैध, निवडणुका अवैध आणि मी चिटणीस नाही. चिटणीस नसलेल्या माणसाचा अर्ज घेता येत नाही, असे मला खिडकीवर दोनदा सांगण्यात आले. हजेरी दुरुस्त करून आणा, असा सल्ला मिळाला. त्यासाठी ११ फेब्रुवारीला सभा बोलावली. सात जण आले. एक अंथरुणाला खिळला आहे, एक मंगळूरला मुलीकडे असतो. मी एकेक नाव वाचले आणि पुढे "गैरहजर" लिहिले. चौदा नावांनंतर थॉमस डिकॉस्टा उठून बाहेर गेला. "पद्मनाभ, तू लिही, मला ऐकवू नकोस," एवढेच म्हणाला. एकोणतीस नावे पूर्ण केली. परंतु सात जणांच्या सभेला गणपूर्ती नसल्याने ही दुरुस्तीही अवैध आहे, असे श्री. सुधींद्र यांनी गेल्या आठवड्यात सांगितले. त्यांचा नाइलाज मला दिसला.

नवे सभासद करा, असेही आपण सुचविलेत. तरुण माजी विद्यार्थ्यांनी स्वतःची वेगळी संस्था काढली आहे. त्यांची मेजवानी हॉटेलात होते. मी गेलो होतो, त्यांनी प्रेमाने जेवू घातले. सभासद होण्याविषयी "बघू सर" म्हणाले.

संघ राहावा असा माझा आग्रह आता उरलेला नाही. प्रश्न खोलीचा आहे. शाळेने मागच्या अंगणातली खोली नोंदणीकृत संघाला दिली आहे. तिथे रोज चार ते सात मी चिकपेटच्या हमालांच्या आणि शिवणकाम करणाऱ्यांच्या बावीस मुलामुलींना शिकवतो. सहा जणांची दहावीची परीक्षा २५ मार्चपासून आहे. त्यांतल्या कस्तुरीला अपूर्णांक आत्ता कुठे जमू लागले आहेत. नोंदणी १ मार्चला रद्द झाली की त्याच दिवशी खोलीला सील लागेल.

तरी विनंती की परीक्षा संपेपर्यंत आदेश थांबवावा. तसे करता येणार नाही, हे मला आपल्या चेहऱ्यावरून त्या दिवशीच कळले होते. म्हणून दुसरी, लहान विनंती करतो. खोलीबाहेर सहा फुटांचा व्हरांडा आहे. नोंदणीच्या कागदांत त्याचा उल्लेख नाही. सील लावताना तो वगळावा. फळा आतल्या भिंतीत पक्का बसवलेला आहे, तो आतच राहील. आम्ही जमिनीवर खडूने लिहू.

उत्तराची वाट पाहणारा,
पद्मनाभ देवाप्पा गुंजीकर
(पद : आपण ठरवाल ते)
बेंगळूर, दि. १९ फेब्रुवारी १९९६

सोबत :
१. मूळ हजेरीपट
२. दुरुस्त हजेरीपट (अवैध)
३. मृत्यूचे दाखले, सतरा. बाकीचे मिळाले नाहीत.