हत्यारं वरच्या पायरीवर

मु. पो. नागलवाडी, ता. उदगीर,
जिल्हा लातूर
११ मे १९८६

॥ शरणु शरणार्थ ॥

चि. मन्मथ यास गंगम्मा अव्वाचे अनेक आशीर्वाद. इकडं सर्व खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहायला सांगितलं. तुझी खुशाली तुझ्या कार्डावरून कळली. एवढा राग ज्याला येतो तो माणूस दोन वेळा पोटभर जेवत असणार.

वर जिल्हा मुद्दाम मोठ्या अक्षरात काढायला लावला आहे. आम्हाला लातूर जिल्हा होऊन चार वर्षं व्हायला आली. गुलाल उधळून झाला, पेढे वाटून झाले, आणि तू पाकिटावर अजून उस्मानाबादच लिहितोस. तुझं आधीचं पाकीट आणि मागून टाकलेलं कार्ड, दोघं उस्मानाबादची वारी करून, पाव्हण्यासारखी मुक्काम करत, काल एकाच दिवशी ग्यानोबा पोस्टमनच्या पिशवीतून उतरली. हा उशीर ध्यानात ठेव. पुढं कामाला येणार आहे.

अक्षर कुणाचं ते ओळखलंस ना? मग गप वाच. मी 'हाय' म्हटलं की ही 'आहे' लिहिते, शिवी दिली की पेन थांबवते. मला वाचता येत नाही म्हणून चाललंय.

कार्ड आधी वाचलं. तू लिहितोस, "अव्वा, नागलदेवीची बारव कधीच आटत नाही, असं तुझ्या भरवशावर मी निर्मात्याला छातीठोक सांगितलं. माणसं जाऊन आली. थेंब नाही, नुसते काटे. आता सिनेमा बारगळला, माझं हसं झालं. लहानपणापासून मला खोटं का सांगत आलीस?"

मी? तुझी आजी? खोटं? अरे मुडद्या (हे लिही गं, गाळू नको), त्याच बारवेत कमरेला भोपळा बांधून तू पोहायला शिकलास. नाकातोंडात गेलेलं पाणी काय मी गोष्टीतलं पाजलं होतं?

मग पाकीट वाचलं. त्यात तुझ्या निर्मात्याची अक्कल. नागलदेवीला म्हणे एक देखणा सरदार पाहिजे आणि शेवटी तिनं त्याच्यासाठी बारवेत उडी टाकली पाहिजे. अरे, पाण्यात जीव दिला तर ते पाणी प्यावं कुणी? एवढी पायरी-पायरीला चिरे बसवून, हत्ती कोरून, भिंतीत मूर्तींसाठी देवकोष्ठं करून जिनं बारव बांधली, ती तेच पाणी नासवील होय? तुझ्या निर्मात्यानं कधी घागर उचललेली दिसत नाही.

गोष्ट कशी आहे ते पुन्हा सांगते, त्याला तसंच ऐकव. कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य. नागलदेवीचा नवरा ठाणेदार, फौजेबरोबर दूर दक्षिणेत गेलेला. मागं दुष्काळ. तिनं दागिने मोडून बारव खणली. पाणी लागलं, आणि त्याच वर्षी शत्रूची फौज आली. ठाण्यात म्हातारे आणि बायकाच. फौजही तहानेनं वाकलेली, घोडी तोंडाला फेस आलेली. नागलदेवी वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "पाणी सगळ्यांना हाय. पायातलं आणि हातातलं इथं ठेवायचं, मगच खाली उतरायचं." एकेक गडी हत्यार ठेवून, अनवाणी उतरला, प्याला, घोड्याला पाणी घेऊन गेला. सगळ्यांचं पिऊन होईपर्यंत लढायची खुमखुमी कुणालाच राहिली नाही. आपल्या बारवेवर आजही कुणी चप्पल घालून उतरत नाही आणि आलेल्याला तहानेलं पाठवत नाही, ते तेव्हापासून.

यात सिनेमा नाही? घोडी आहेत, फौज आहे, बाई आहे. पण सिनेमावाल्यांना इतिहास म्हटलं की घाटावरचेच डोंगर दिसतात. तिकडं म्हणे इतिहास पिकतो आणि इकडं नुसती ज्वारी. कंधारला एवढा किल्ला, उदगीरला किल्ला, खरोशाला डोंगर पोखरून केलेली लेणी, सगळं वटवाघळांना आंदण. आमचा फोटो निघतो तो दुष्काळातच, रिकामी घागर डोक्यावर घेतलेला. बेजार आलाय जीव.

बरं. आता माणसं आली त्या दिवसाचं.

औंदा पाऊस नाही. बारवेत पाणी आहे, पण तळाला, झऱ्यापुरतं. बायका वाट्यानं भरतात. तहसिलीतला एक साहेब मागं येऊन बघून गेला आणि म्हणाला, "बारवेत पाणी आहे, टँकर मंजूर नाही." एवढ्या पाण्यात गाव आणि गुरं जगतील का, हे विचारायला तो थांबलाच नाही. मग गावानं ठरवलं. पुन्हा जीप दिसली की झऱ्यावर फरशी सरकवायची, राहिलेलं पाणी उपसायचं, वरून बाभळीच्या काट्या टाकायच्या. नव्या जिल्ह्याच्या साहेबाला कोरडी बारवच दाखवायची. शहाणपण कुणाचं म्हणून विचारू नको. सगळ्यांचंच. मीही ओट्यावर बसून "शाब्बास" म्हटलं होतं.

आणि पांढरी जीप आली. डोळ्याला काळा चष्मा, हातात मोजायची टेप, गळ्यात कॅमेरा. आता तूच सांग, हा साहेब नाही तर कोण वाटणार? सटवाजी कोतवाल वेशीपासून धावत आला, "आले! आले!" सगळं ठरल्यासारखं झालं. ते खाली वाकून बघतात तो काटे. एकानं विचारलं, "बाई, पाणी कधी आटलं?" तिथं उभी असलेली बाई म्हणाली, "दोन वर्सं झाली साहेब, चिमणीची चोच बुडंना." असं सांगितलं की मलाही टँकर द्यावासा वाटला असता.

मग त्यातल्या एका पोरसवदा माणसानं प्यायला पाणी मागितलं. ओठ फुटलेले होते म्हणे त्याचे. ती बाई म्हणाली, "आम्हीच कोरडी तोंडं घेऊन बसलोय, तुमाला कुठून देऊ?"

बारवेवरून माणूस तहानेला गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

ती बाई कोण, ते मी सांगणार नव्हते.

हिनं पेन खाली ठेवलंय. लिही म्हटलं तर लिहीत नाही. "लिही महानंदे, त्याला अर्ध्यावर सोडू नको." हां, लिहायला लागली.

ती तुझी आई होती. पाकीट तिनंच मला मोठ्यानं वाचून दाखवलं. "माझी माणसं पांढऱ्या जीपनं येतील, त्यांना आधी बारवेचं पाणी पाज," इथवर आली आणि कागद मांडीवर ठेवला. मी म्हटलं, "पुढं वाच की गं." पुढं तू लिहिलं होतंस, "आई बरी असेल." बस्स. एवढंच. बरी असेल! लेकानं आईची चौकशी अशी करायची, जशी शेजाऱ्याच्या म्हशीची?

तुझे बाबा गेल्यावर तिनं तुला किराणा दुकानावर बसायला सांगितलं, तू ऐकलं नाहीस. घराकडं बघायला सांगितलं, ऐकलं नाहीस. आणि रागाच्या भरात एकदाच "तोंड दाखवू नको" म्हणाली, तेवढं मात्र बरं ऐकलंस! एवढा आज्ञाधारक पोरगा पंचक्रोशीत नाही. पाकिटावर तिचं नाव आणि बरोबर जिल्हा घातला असतास, तर पाकीट वेळेत आलं असतं आणि आई जीप ओळखायला उंबऱ्यात उभी राहिली असती. आणि हीही काही कमी नाही. तू गेल्यापासून पाच वर्षांत तुला एक ओळ पाठवली नाही. काल मात्र संध्याकाळी एकटी बारवेत उतरली, साहेब पुन्हा येईल म्हणून गाव रोज पाणी भरून परत टाकतं त्या काट्या उपसल्या, फरशी बाजूला केली. हात सोलून निघाले. मघापासून पेन तिरकं धरलंय ते त्यामुळं. अक्षराला नाव ठेवू नको.

आता ऐक. निर्मात्याला सांग, गावानं खोटं दाखवलं, अव्वानं खोटं सांगितलं नव्हतं. तो ऐकेल न ऐकेल. टँकर अजूनही मिळालेला नाही, सिनेमाही मिळणार नाही कदाचित. पण तू स्वतः ये आणि बघ. ज्याला आपल्या आईकडं यायला जमत नाही, त्यानं नागलदेवीवर सिनेमा करू नये. त्याला ती कळलीच नाही.

यायचं ते बारवेवरूनच ये. तुझी हत्यारं वरच्या पायरीवर ठेव. हिला मी तिची ठेवायला लावली आहेत, ती हे लिहून राहिली म्हणजे ठेवली असंच धर. मग अनवाणी खाली उतर. झऱ्याला वाटीभर पाणी आहे. तुझ्यापुरतं पुरेल.

खालचा अंगठा तेवढा माझा. त्याच्या वरचं सगळं तुझ्या आईच्या हातचं.

गंगम्मा