लू त्येन-शुईच्या कादंबरीची प्रस्तावना

४ ऑगस्ट, रविवार
भूतांचा महिना आजपासून सुरू; पाताळाचं दार उघडतं आणि मेलेले महिनाभर घरी येऊन जातात. बायकोने सकाळीच बजावलं, की महिनाभर पोहायला जायचं नाही, शीळ घालायची नाही आणि नवीन काही सुरू करायचं नाही. तिसरं मी मनापासून पाळणार.
संकल्प: लूच्या कादंबरीची प्रस्तावना या महिन्यात संपवणे. (हे जुनं काम, म्हणजे नियमात बसतं. अजून सुरू झालेलं नाही, ही गोष्ट वेगळी.)
लू गेला त्याला चार महिने झाले. जन्मभर मिठागरात राबला, साठीनंतर लिहायला बसला. चारशे बारा पानं, सगळी हाताने, प्रत एकच. झेरॉक्सवाल्याच्या हातात द्यायला घाबरायचा. गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्या हातात दिली. यावरून ताइनान शहरात माझं स्थान काय ते कळतं.

६ ऑगस्ट
लूची मुलगी पेइ-रोंग आली होती. पुस्तकांचं छोटं दुकान चालवते. बाबांची कादंबरी स्वतःच छापणार आणि ऑक्टोबरात स्वतंत्र लेखकांच्या जत्रेत मांडणार. म्हणाली, श्ये काका, प्रस्तावना राहिली तर राहू दे, पण बाड तेवढं द्या, टाइप करायचंय. मी म्हणालो, प्रस्तावनेवाचून कादंबरी म्हणजे नवरदेवाने बनियनवर मांडवात येणं. मग तिने विचारलं, वाचलीत ना पण? मी म्हणालो, दोनदा.
(पहिलं पान दोनदा वाचलं आहे. खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही.) मुरलेल्या लेखकाला पहिल्या पानावरून पुढचं सगळं दिसतं.

९ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी ३
खोकला ऐकू आला.
लू दर शुक्रवारी तीनला यायचा. गल्लीच्या तोंडाशी आधी दोनदा कोरडं खोकायचा, मग एकदा घसा खाकरायचा. अगदी तसाच. खिडकीतून पाहिलं तर माणूस कोणी नाही. उंबऱ्याशी लूचा म्हातारा काळा कुत्रा, आ-हेइ. पेइ-रोंगच्या दुकानापासून लंगडत आला असणार, तीन किलोमीटर.
बायको म्हणाली, पाणी तरी ठेवा, प्राणिप्रेमी ना तुम्ही? मी वरूनच दोरीने बादली सोडली. प्राण्यांवर प्रेम म्हणजे त्यांच्या अंगचटीला जाणं नव्हे. माझ्या कादंबरीत सेनापतीच्या घोडीला चार प्रकरणं दिली आहेत. सगळं सैन्य कापलं गेलं तरी घोडी जिवंत आहे. म्हणूनच तर अकरा वर्षं कादंबरी संपत नाही.

१० ऑगस्ट
फेसबुकवर फोटो टाकला. मी, हातात लूचं बाड, मागे काचेपलीकडे, खाली गल्लीत, आ-हेइ. खाली लिहिलं, ‘स्वतंत्र लेखकाच्या पाठीशी स्वतंत्र लेखकच उभा राहतो.’ त्रेसष्ट लाइक. आज प्रस्तावनेचं शीर्षकही ठरलं: ‘प्रस्तावना’.

१३ ऑगस्ट
पेइ-रोंग कुत्र्याला दोनदा घेऊन गेली, दोन्ही वेळा तो परत आला. आता जिना चढून दारातच बसतो. माझ्याकडे बघत नाही. फडताळाकडे बघतो, जिथे बाड आहे.
आज बाड सोडलं आणि दुसरं पान काढलं. लगेच खोकला. शुक्रवार नाही, तीनही वाजलेले नाहीत. आणि इतका जवळ, की मी मानेवरून हात फिरवला. पुन्हा बांधून ठेवलं.
इथे कोण वाचतंय, म्हणून लिहून टाकतो: भीती वाटते. त्याचं अक्षर अजून ओलं असल्यासारखं दिसतं. दहा महिने दर शुक्रवारी तो समोर बसला, चहा प्यायला, आणि एकदाही विचारलं नाही, की वाचलं का. आता विचारतोय.
शिवाय आज ढग होते. हस्तलिखित चांगल्या उजेडात वाचावं.

१६ ऑगस्ट, शुक्रवार
प्रस्तावना झाली! पाच पानं. चार माझ्या घोडीवर आहेत, पण पाचव्यावर लूचं नाव स्पष्ट येतं. तीन वाजता त्याचा खोकला ऐकू आला. तो मी पसंतीचा मानला.
रविवारी पौर्णिमेची पूजा. प्रस्तावना आणि बाड नैवेद्याच्या टेबलावर ठेवून लूला दाखवीन, कौल लावीन आणि सोमवारी पेइ-रोंगच्या हवाली करीन. पक्कं.

१८ ऑगस्ट, रविवार. दुपार
गल्लीभर टेबलं मांडलेली. आमच्यावर कोंबडी, तांदळाची दारू, बिस्किटं, नूडल्सची खोकी, बाजूला जाळायच्या पिवळ्या कागदांचे गठ्ठे, म्हणजे पितरांचे पैसे. त्यांच्याशेजारी लूचं बाड, तेही पिवळ्याच वेष्टनात, पूजेला शोभेल म्हणून. वर प्रस्तावना.
जेवण झालं का, म्हणून पितरांना विचारलं. कौलाच्या दोन लाकडी कोयऱ्या टाकल्या, दोनदा दोन्ही उताण्या पडल्या, म्हणजे वरचे हसताहेत. तिसऱ्यांदा एक उताणी, एक पालथी. होकार. आता कागद जाळायचे.
शेजारच्या त्साइ आजींनी विचारलं, की सोनेरी ठशाचा कागद कुणाला आणि रुपेरी कुणाला, माझं नेहमी चुकतं बाई. योग्य माणसाला विचारलं. मी मिंग घराण्यापासून सुरुवात केली. चार-पाच माणसं जमली. बोलता बोलता मी टेबलावरचे गठ्ठे एकेक करून लोखंडी पिंपात देत होतो, दोन्ही हातांनी, रीतसर. छिंग घराण्यापर्यंत आलो तेव्हा आ-हेइ भुंकायला लागला. आजवर कधी भुंकला नव्हता. मी म्हणालो, गप रे, इतिहास चाललाय.
त्साइ आजी म्हणाल्या, किती माहिती आहे हो तुम्हाला!
टेबलावर कोंबडी आणि खोकी उरली होती.

१८ ऑगस्ट. संध्याकाळ
राख चिमट्याने उलटीपालटी केली. काही नाही. बायकोने कोंबडी उचलून आत नेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

१९ ऑगस्ट
शांतपणे विचार केला. आपल्याकडे जाळलेलं ज्याचं त्याला पोचतं. म्हणजे लूला त्याची मूळ प्रत मिळाली, सोबत प्रस्तावना. इतका थेट कुठल्या स्वतंत्र लेखकाला पाठिंबा मिळाला असेल? पेइ-रोंगला हे सावकाश समजावीन.
जेवण गेलं नाही.

२३ ऑगस्ट, शुक्रवार
तीन वाजले. खोकला नाही. कुत्रा नाही.
साडेतीन. चार. चहाचे दोन पेले भरून बसलो होतो. पाताळाचं दार अजून उघडं आहे, सगळ्यांचे सगळे येताहेत. माझ्याकडे कोणी आलं नाही. इतकी भीती त्या खोकल्याचीही वाटली नव्हती.

२५ ऑगस्ट, रविवार
पेइ-रोंगला सांगितलं. ‘थेट पोचलं’ वगैरे तोंडातून निघालंच नाही. जाळलं, एवढंच म्हणालो.
ती पायरीवर बसली. म्हणाली, बाबांनी मला एक ओळ वाचू दिली नाही काका, छापल्यावर वाच म्हणायचे. मग रडली. मी तिथेच उभा. आ-हेइने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.
मग तिने तोंड धुतलं, पिशवीतून वही काढली आणि म्हणाली, तुम्ही दोनदा वाचलंय ना, सांगा मला. जसं आठवेल तसं. मी लिहून घेते, पुस्तक ऑक्टोबरात निघालंच पाहिजे.
मी सांगितलं. पहाटेचं मिठागर, डोक्यावर टोपली घेतलेली आई, पांढऱ्या उजेडात तिला ओळखू न शकणारा पोरगा. शब्दन् शब्द आठवत होता. कसलं लिहिलं होतं लूने! एका वाक्याला ती हसली, म्हणाली, अगदी बाबाच बोलतायत.
पहिलं पान इथे संपतं, म्हणालो. तिने वहीचं पान उलटलं आणि विचारलं, मग पुढे?
मी म्हणालो, आज दमलो.
ती म्हणाली, दमा की, घाई कुठे आहे, चारशे अकरा पानं आहेत अजून. जिन्यावरून पुन्हा वर बघून म्हणाली, बरं झालं काका, तुम्ही तरी वाचलं होतंत. उद्या दहाला येते.