ग्रहणाच्या दिवशी पळवलेले जंपर

ओरिन,

माझ्या मोटरच्या बोर्डवरचे ते पिना जोडणारे बारके जंपर तुझ्या प्रिंटरसाठी तूच काढलेस ना? अरे, ते असले की मोटर एका पावलाची सोळा बारीक पावलं करून चालते! सूर्यामागे हळूच सरकायचा कॅमेरा मगाशी तीरासारखा सुटला आणि खिडकीवर आदळला. आज दुपारी ग्रहण आहे, गाढवा!

उठवलं तर "घे ना परत" म्हणून कूस बदललीस. म्हणून तुझा चालू थ्रीडी प्रिंटर बंद केला नि त्यातून माझे जंपर काढून घेतले.

मग आत पाहिलं. सूर्याचा फिल्टर बसवायची कडी, माझ्याच कॅमेऱ्याच्या मापाची, अर्धी छापलेली.

तरी विचारायचं होतंस ना! आता फिल्टर चिकटपट्टीने लावतेय. उठलास की तडक टेकडीवर ये, पट्टी सुटली तर फिल्टर धरून कोण उभं राहणार?

मारिट